मांगूर देशी की आफ्रिकी? डीएनएने पटणारी माशाची ओळख

मांगूर हा जिवंत विकला जाणारा मासा. त्याला खवले नसतात, बारीक काटे कमी असतात, बर्फ लागत नाही. म्हणून मुंबई-ठाण्यातील वस्त्यांपासून विदर्भातील आठवडी बाजारांपर्यंत तो टबात किंवा पिंपात थोड्याशा पाण्यात वळवळताना दिसतो. बंगाल, बिहार, आसाम या भागांत मांगूरचा पातळ रस्सा आजारातून उठलेल्या माणसाला मुद्दाम देतात. बिहारने तर त्याला राज्याचा मासा म्हणून मान दिला आहे. आपल्याकडेही जाणती माणसे 'देशी आहे का?' असे विचारून घेतात आणि देशीसाठी जास्त पैसे मोजतात. विकणारा 'देशीच आहे' म्हणतो. कधी ते खरे असते, कधी नसते आणि पुष्कळदा विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. कारण दिसायला सारखे असलेले दोन वेगळे मासे एकाच नावाने विकले जातात, आणि त्यांतल्या एकाच्या पैदाशीवर आपल्या देशात बंदी आहे.

अशा जवळच्या नात्यातील माशांची ओळख आज डीएनएच्या साहाय्याने पटवता येते. ती कशी पटवतात, तिच्यातून काय कळते आणि काय कळत नाही, हे या वेळी समजून घेऊ.

दोन मांगूर

देशी मांगूर हा आपल्या तळ्यांत, दलदलीत, भाताच्या बांध्यांत राहणारा मासा. शास्त्रीय नाव क्लॅरियस मागुर. लांबी साधारण फूटभर, बाजारात येणारा बहुधा पाव किलोच्या आतबाहेर. दुसरा आफ्रिकी मांगूर, शास्त्रीय नाव क्लॅरियस गॅरिपिनस. तो मूळचा आफ्रिका खंडातला. पूर्ण वाढला तर दीड मीटरच्याही पुढे जातो आणि वजन पन्नास किलोच्या वर भरू शकते. दोघांनाही आठ मिशा, पाठीवर डोक्यामागून शेपटीपर्यंत गेलेला लांब पर, आणि कल्ल्यांच्या वरच्या बाजूला झाडाच्या फांद्यांसारखा एक अवयव असतो. या अवयवामुळे ते हवेतला प्राणवायू घेऊ शकतात. पाणी आटले तरी मरत नाहीत, ओल्या जमिनीवरून सरपटत दुसऱ्या डबक्यात जातात. टबातल्या चार बोटे पाण्यात दिवसभर जिवंत राहण्याचे रहस्य हेच.

आफ्रिकी मांगूर १९९० च्या दशकात बांगलादेशमार्गे चोरट्या वाटेने भारतात शिरला. बाजारात त्याला 'थाई मांगूर' असेही म्हणतात. हे थाई नाव कशामुळे, ते पुढे येईल. घाण, गढूळ पाण्यात तो तग धरतो, मिळेल ते खातो आणि काही महिन्यांत किलोभर होतो. पाळणाऱ्याला यापेक्षा सोयीचे काय असणार? पण पुरात तळे फुटून तो नदीत गेला, की स्थानिक मासे, त्यांची पिल्ले, अंडी, बेडूक, काहीच सोडत नाही. म्हणून केंद्र सरकारने २००० साली त्याच्या पैदाशीवर बंदी घातली. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये पुन्हा कडक आदेश दिले. महाराष्ट्रातही मत्स्यव्यवसाय विभागाने बेकायदा तळ्यांवर कारवाया केल्या. तरी तो बाजारातून गेलेला नाही. देशी मांगूरची अवस्था मात्र उलटी आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत तो संकटग्रस्त प्रजातींत मोडतो.

आता कोणी म्हणेल, एवढा फरक आहे तर बघून ओळखता येत नाही का? मोठे मासे शेजारी शेजारी ठेवले तर येते. आफ्रिकी माशाचे डोके मोठे, चपटे आणि वरून खरबरीत असते. अंगावर संगमरवरासारखे काळे-करडे डाग आणि पोट पांढरट असते. देशी मासा बहुधा एकाच तपकिरी-काळसर रंगाचा असतो. कवटीच्या मागच्या हाडाचा आकारही दोघांत वेगळा असतो आणि अभ्यासक तो बोटाने चाचपून ओळखतात. पण रंग पाण्याप्रमाणे बदलतो. बोटभर पिल्लांत या खुणा नीट उमटलेल्या नसतात, आणि आफ्रिकी मासा लहान असतानाच काढून 'देशी' म्हणून विकला तर आकाराचाही उपयोग होत नाही. डोके काढून तुकडे केले की मग सगळेच संपले. गिऱ्हाइकाच्या पिशवीत पडते ते फक्त मांस.

अक्षरे मोजून ओळख

मांसाच्या त्या तुकड्यात मात्र माशाचे नाव लिहिलेले असते. प्रत्येक पेशीत डीएनए असतो आणि डीएनए ही चारच अक्षरांनी लिहिलेली लांब ओळ आहे. ए, टी, जी, सी ही ती चार अक्षरे, म्हणजे चार रासायनिक घटक. माशाचा सगळा डीएनए वाचायचा तर ते मोठे काम होईल. कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाचे शास्त्रज्ञ पॉल हेबर्ट यांनी २००३ साली असे मांडले, की प्राण्याची ओळख पटवायला सगळे वाचण्याची गरज नाही, ठरवून एकच छोटा तुकडा वाचावा. साबणाच्या वेष्टनावर काळ्या रेघांचा बारकोड असतो आणि दुकानदाराचे यंत्र त्यावरून वस्तू ओळखते. तसाच हा प्राण्याचा बारकोड. त्यासाठी त्यांनी सीओआय नावाच्या जनुकातला सुमारे ६५० अक्षरांचा तुकडा निवडला.

हाच का? कारण हे जनुक पेशीच्या मुख्य केंद्रकात नसून मायटोकाँड्रियात असते. मायटोकाँड्रिया म्हणजे पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या भट्ट्या. एका पेशीत त्या शेकड्याने असतात, म्हणून या जनुकाच्या प्रतीही पुष्कळ मिळतात. तांदळाच्या दाण्याएवढे मांस किंवा पराचा टोकाचा तुकडा एवढ्यावर काम भागते. शिवाय हा तुकडा एका प्रजातीच्या आत फारसा बदलत नाही, पण एका प्रजातीतून दुसरीत जाताना ठळक बदलतो.

हा फरक किती, ते आकड्यांत पाहू. २००५ साली ऑस्ट्रेलियाच्या समुद्रातील बहुतांश अशा २०७ प्रजातींच्या माशांवर हा प्रयोग झाला. एकाच प्रजातीच्या दोन माशांत सरासरी ०.३९ टक्के फरक निघाला. एकाच कुळीतील, म्हणजे जवळच्या नात्यातील दोन वेगळ्या प्रजातींत तो सरासरी ९.९३ टक्के निघाला. ६५० अक्षरांच्या हिशेबाने एकाच प्रजातीत दोन-तीन अक्षरांचा फरक आणि जवळच्या दोन प्रजातींत साठ-पासष्ट अक्षरांचा. ही सरासरी आहे हे लक्षात ठेवावे. काही प्रजाती इतक्या अलीकडे एकमेकांपासून वेगळ्या झालेल्या असतात की त्यांच्यात फरक फारच थोडा सापडतो, आणि तिथे हा एकच तुकडा पुरत नाही.

प्रयोगशाळेतले काम असे चालते. मांसाच्या तुकड्यातून रसायनांच्या साहाय्याने डीएनए वेगळा काढतात. मग पीसीआर यंत्रात हव्या त्या तुकड्याच्या लाखो-करोडो नकला करतात. कोरोनाच्या काळात हे नाव घराघरांत पोहोचले, तेच तंत्र इथे वापरतात. नकला झाल्या की यंत्र त्यांतली अक्षरे क्रमाने वाचते आणि ती ओळ संगणकावरच्या संदर्भ-संग्रहाशी जुळवतात. ज्या प्रजातीशी ती जुळेल, ते त्या माशाचे नाव. दरवेळी पूर्ण वाचनही करावे लागत नाही. फक्त आफ्रिकी मांगूर आहे की नाही एवढेच पाहायचे असेल, तर त्याच्याच डीएनएला चिकटेल अशी चाचणी बनवता येते. ती कमी खर्चात आणि लवकर होते.

शिजवलेल्या किंवा डबाबंद माशाचे काय? उष्णतेने डीएनएची लांब ओळ तुटून तिचे बारीक तुकडे होतात. ६५० अक्षरे सलग मिळत नाहीत, पण शंभर-दोनशे अक्षरांचे तुकडे बहुधा हाती लागतात. बहुतेक वेळा तेवढ्यावरही ओळख पटते.

महाराष्ट्रात या कामाचे एक महत्त्वाचे ठिकाण छत्रपती संभाजीनगर येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात आहे. तेथील डीएनए बारकोडिंग व जैवविविधता अभ्यास केंद्राला हेबर्ट यांचेच नाव दिलेले आहे. या केंद्राच्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह मांगूरच्या या अदलाबदलीचाच अभ्यास केला आणि भारतात देशी मांगूरच्या जागी आफ्रिकी मांगूर मोठ्या प्रमाणात खपवला जातो असे दाखवून दिले. आपल्याच विद्यापीठातले हे काम आपल्याच बाजाराविषयी आहे आणि ते आपल्या वाचकांपर्यंत पोहोचलेले नाही, याची खंत वाटते.

नावाचा घोटाळा आणि आईचे आडनाव

संदर्भ-संग्रह चुकीचा असेल तर चाचणीही चुकते. मांगूर हेच त्याचे उदाहरण. भारतातल्या देशी मांगूरला अनेक वर्षे क्लॅरियस बॅट्राकस म्हणत. आजही जुन्या पाठ्यपुस्तकांत तेच नाव सापडते. २००८ साली तज्ज्ञांनी जुने नमुने तपासून ठरवले, की ते नाव खरे तर जावा बेटावरच्या माशाचे आहे. भारतीय माशाचे खरे नाव मागुर. ते हॅमिल्टन यांनी १८२२ साली गंगेच्या खोऱ्यातील माशांचे वर्णन करताना लोकांच्याच तोंडून घेतले होते. गंमत म्हणजे आफ्रिकी मांगूरचे शास्त्रीय नामकरणही त्याच १८२२ सालचे, दुसऱ्या एका प्रवाशाने केलेले. तर या जुन्या नावामुळे संग्रहात एकाच नावाखाली वेगवेगळ्या देशांतले वेगळे मासे जमा झालेले आहेत. म्हणून अनुभवी संशोधक संगणकाने दिलेल्या पहिल्या उत्तरावर थांबत नाहीत. तो नमुना कुठला, कोणी ओळखला, मूळ मासा जपून ठेवला आहे का, हे पाहतात.

दुसरी अडचण संकराची आहे, आणि तिथेच 'थाई' या शब्दाचा धागा सापडतो. थायलंडमध्ये तिथल्या क्लॅरियस मॅक्रोसेफॅलस या चवदार स्थानिक मांगूरची मादी आणि झपाट्याने वाढणारा आफ्रिकी नर यांचा संकर करून पिल्ले काढतात, आणि तो तिथला रोजच्या खाण्यातला मासा आहे. आता मायटोकाँड्रिया पिल्लाला जवळजवळ पूर्णपणे आईकडूनच मिळतात. बापाचा त्यात वाटा नाही. म्हणजे अशा संकरित माशाचा सीओआय तुकडा वाचला तर उत्तर येते आईच्या प्रजातीचे! आपल्याकडे देशी मादी आणि आफ्रिकी नर यांच्यापासून पिल्ले काढली, तर बारकोड त्यांना खुशाल 'देशी' ठरवील. संकराचा संशय असेल तेव्हा पेशीच्या केंद्रकातला डीएनएही तपासावा लागतो. त्यात आई-बाप दोघांचाही अर्धा-अर्धा वाटा असतो, त्यामुळे दोन्हीकडच्या खुणा एकत्र दिसतात आणि लपवाछपवी उघडी पडते. एखादा व्यापारी एकाच चाचणीचा कागद दाखवून 'शुद्ध देशी' म्हणाला, तर तो कागद कोणत्या चाचणीचा आहे हे विचारायला हवे.

आरोग्याचा प्रश्न नेमका कुठे?

ओळख चुकली तर जिवावर बेतू शकते, हे २००७ साली अमेरिकेतल्या शिकागो परिसरात दिसले. चीनहून 'मंकफिश' म्हणून आलेल्या गोठवलेल्या माशाचे सूप घरी करून प्यायलेले दोघे आजारी पडले. उरलेल्या माशाची डीएनए तपासणी केली तेव्हा तो फुग्या माशांच्या कुळातला निघाला. फुग्या माशात टेट्रोडोटॉक्सिन नावाचे विष असते. त्याने स्नायू लुळे पडतात, श्वास थांबू शकतो, आणि ते शिजवल्याने नष्ट होत नाही. डोके, कातडी काढून आलेल्या माशाची ओळख डीएनएशिवाय पटणे कठीण होते. पुढे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने माशांच्या नावांची खातरजमा करण्यासाठी ही पद्धत अधिकृतपणे स्वीकारली.

मांगूरची गोष्ट अशी नाही. 'मांगूर खाल्ला की कॅन्सर होतो' असे निरोप मोबाइलवर फिरत असतात. हे तसे विधान चुकीचे आहे. आफ्रिकी मांगूर हा स्वतः विषारी मासा नाही. नायजेरियासारख्या देशात तो शेततळ्यांत मोठ्या प्रमाणावर पाळतात आणि लोक रोज खातात. धोका त्याच्या प्रजातीत नसून तो जिथे वाढतो त्या पाण्यात आणि त्याला जे घालतात त्या खाद्यात आहे. बेकायदा तळ्यांत त्याला कोंबड्यांची आतडी, कत्तलखान्यातला कुजका कचरा घालतात. सांडपाणी, कारखान्याचे पाणी अशा ठिकाणीही तो वाढतो, कारण तिथे दुसरा मासा जगतच नाही. अशा पाण्यात शिसे, कॅडमियम, पारा हे जड धातू असतील तर ते माशाच्या अंगात साठतात. नीट शिजवल्याने जंतू आणि कृमी मरतात, धातू जात नाहीत. पोटातल्या बाळाच्या आणि लहान मुलांच्या मेंदूवर शिसे व पारा यांचा परिणाम सर्वाधिक होतो.

उद्या गटाराच्या पाण्यात देशी मांगूर वाढवला तर तोही तितकाच घातक ठरेल. डीएनएची चाचणी त्याला 'देशी' म्हणेल आणि ते खरेच असेल. धातू किती आहेत ते शोधायला वेगळी रासायनिक तपासणी लागते.

मग आरोग्याच्या पानावर डीएनए कशाला? कारण नाव लपवले की ठिकाण लपते. बंदी असलेला मासा पाळणारा आपल्या तळ्याचा पत्ता कोणाला सांगत नाही. तिथे कोणते पाणी, कोणते खाद्य, हे तपासायला कोणी जात नाही. माशाची खरी प्रजाती कळली की तो कुठून आला याचा माग काढता येतो, आणि तपासणी तिथे पोहोचू शकते. परदेशी जाणाऱ्या कोळंबीची तपासणी होते, कारण परदेशातला ग्राहक ती मागतो. आठवडी बाजारातल्या टबापर्यंत कोणी येत नाही, कारण तो मासा घेणाऱ्याचा आवाज लहान आहे. स्वस्त मासा खाणाऱ्यांना नावे ठेवण्यापेक्षा तो तपासून मागणे हे अधिक शहाणपणाचे.

घेताना काय पाहावे

शक्यतो अख्खा, जिवंत मासा घ्यावा आणि तुकडे आपल्यासमोर करून घ्यावेत. एक-दोन किलोचा मांगूर 'देशी' म्हणून कोणी दिला तर घेऊ नये, देशी एवढा मोठा होत नाही. संगमरवरी डाग, पांढरट पोट आणि रुंद खरबरीत डोके असेल तर संशय घ्यावा. मासा कुठल्या तळ्यातला हे विचारावे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूरकडे जुन्या मालगुजारी तलावांवर ढीवर समाजाच्या सहकारी संस्था मासेमारी करतात. तिथे मासा आणि त्याचे पाणी दोन्ही डोळ्यांसमोर असते. माशाला रॉकेल, गटार किंवा औषधासारखा वास येत असेल तर स्वस्त आहे म्हणून घरी आणू नये. आतडी, यकृत आणि कल्ले काढून टाकावेत आणि मासा पूर्ण शिजवावा.

गरोदर बाई आणि लहान मुले यांच्यासाठी ठिकाण माहीत नसलेला मांगूर टाळलेला बरा. रोहू, कटला, छोटे तलावातले मासे, बोंबील, तारली हे पर्याय आहेत. मांगूरने रक्त वाढते असा समज आहे. माशातून चांगली प्रथिने आणि थोडे लोह मिळते हे खरे, पण हिमोग्लोबिन कमी असेल तर सरकारी दवाखान्यातल्या लोहाच्या गोळ्या चुकवू नयेत. मासा हा गोळ्यांना पर्याय नव्हे.

फसवणुकीची किंवा बंदी असलेल्या पैदाशीची शंका आली तर जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाकडे लेखी तक्रार करता येते. खाण्यायोग्यतेविषयीची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करावी. तक्रारीत दिनांक, बाजाराचे नाव, कोणत्या नावाने मासा विकला आणि काय भाव लावला, हे लिहावे. पोच घ्यावी.

आपल्या घरातली जी मुले-मुली प्राणिशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान शिकत आहेत, त्यांना या विषयात करण्यासारखे पुष्कळ आहे. २००८ साली न्यूयॉर्कमधल्या दोन शाळकरी मुलींनी दुकाने आणि उपाहारगृहे यांतून माशांचे साठ नमुने गोळा करून ग्वेल्फला पाठवले. ज्यांची ओळख पटली त्यांतले सुमारे पाव नमुने चुकीच्या नावाने विकलेले निघाले. त्या मुलींकडे प्रयोगशाळा नव्हती. नमुने नीट गोळा करून, नोंदी ठेवून त्यांनी ते काम केले. आपल्या गावच्या बाजारातही हे होऊ शकते, फक्त आधी एखाद्या प्रयोगशाळेशी बोलून घ्यावे. प्रत्येक माशाचा डोक्यापासून शेपटीपर्यंत, शेजारी फूटपट्टी ठेवून फोटो काढावा. पराचा किंवा मांसाचा छोटा तुकडा स्वच्छ ब्लेडने कापावा आणि दर माशाला ब्लेड बदलावे, नाहीतर एकाचा डीएनए दुसऱ्यात मिसळतो. तुकडा पंच्याण्णव टक्के अल्कोहोलच्या छोट्या बाटलीत घालून त्यावर क्रमांक, दिनांक आणि बाजाराचे नाव पेन्सिलने लिहावे, कारण पेनाची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. महाविद्यालयाच्या कपाटात फॉर्मलिन सहज मिळते, पण ते या कामाला चालत नाही. त्यात मासा टिकतो, डीएनए मात्र खराब होतो.